कुलाब्याची नोंदवही आणि बहरीनची रात्र

१० मे २०२४. शुक्रवार, म्हणजे बहरीनमध्ये सुट्टी, आणि त्यात अक्षय्य तृतीया. मनामाच्या सोन्याच्या बाजारात आपली माणसं ग्रॅम-दोन ग्रॅमचा मुहूर्त साधून आली होती. घरोघरी आमरस-पुरी झाली होती. रात्री साडेबारानंतर, डोळा लागता लागता, फोन उजळला. मँचेस्टरहून भाचा. "मामा, आकाश बघ!" सोबत अरोराचा, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाचा, फोटो होता. विटांची चिमणीवाली घरं आणि त्यांच्यावर गुलाबी-हिरवं आभाळ, कुणी पैठणी वाळत घातल्यासारखं. पाठोपाठ प्रश्न आला, "तुमच्याकडे दिसतंय का?"

गच्चीवर जाऊन आलो. दमट, धुरकट आभाळ होतं आणि रिफायनरीच्या अंगाला नारिंगी उजेड. त्याचाच फोटो काढून पाठवला आणि लिहिलं, "आमचा अरोरा बारमाही असतो रे."

विनोद ठीक होता, पण अपुरा. कारण भाच्याच्या आभाळात जे रंग उधळत होतं, ते माझ्या डोक्यावरूनही जात होतं. बहरीनच्या घड्याळात रात्रीचे आठ वाजून पाच मिनिटं झाली, तेव्हाच पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला पहिला धक्का बसला होता. त्याच क्षणी अलिबागमध्ये रात्रीचे १० वाजून ३५ मिनिटं झाली होती. तिथल्या एका दगडी वास्तूत ठेवलेल्या उपकरणाला हा धक्का कळला, कारण गेली शंभराहून अधिक वर्षं त्या जागेचं कामच ते आहे. आखातातल्या मराठी माणसाला सूर्याच्या हवामानाबद्दल काही सांगायचं तर नॉर्वे-कॅनडापासून सुरुवात करायची गरज नाही. अलिबागपासून करता येते, आणि त्याही आधी कुलाब्यापासून.

मात्र त्या दिवसाची हकिगत सकाळपासूनच सांगायला हवी. सूर्यावर त्या आठवड्यात ३६६४ क्रमांकाचा डागांचा पुंजका होता. रुंदी पंधरा पृथ्व्या शेजारी शेजारी मांडाव्यात एवढी. ग्रहणाचा चष्मा लावला की दुर्बिणीशिवाय दिसत होता. सौरडाग म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागावरची जरा थंड जागा. थंड असते कारण तिथलं जबरदस्त चुंबकीय क्षेत्र खालून येणारी उष्णता अडवून धरतं. ही चुंबकीय वीण पिळत पिळत जाते आणि कधीतरी तटकन तुटते. तुटताना जो प्रकाश आणि क्ष-किरण फुटतात ती सौरज्वाला. अब्जावधी टन तापलेला, विद्युतभारित वायू आपल्या चुंबकीय क्षेत्रासकट बाहेर फेकला जातो तो सीएमई. दोन्ही बरोबर येतीलच असं नाही, आणि दोन्हींचा प्रवास अगदी वेगळा. ज्वालेचे किरण सव्वाआठ मिनिटांत दारात. सीएमईला पंधरा-सतरा तासांपासून तीन-चार दिवसांपर्यंत कितीही लागू शकतात.

१० मेच्या सकाळी त्या पुंजक्यातून एक्स वर्गातली, म्हणजे सर्वांत वरच्या वर्गातली ज्वाला उठली. तिचा कळस बहरीनच्या वेळेनुसार ९ वाजून ५४ मिनिटांनी, भारतात १२ वाजून २४ मिनिटांनी. त्या मिनिटाला सूर्य पृथ्वीवर नेमका कुठे डोक्यावर होता, याचं गणित मी नंतर सहज मांडलं, तर उत्तर आलं सोलापूर-पंढरपूरच्या आसपास! तिकडे ते शून्य सावलीचेच दिवस असतात. म्हणजे त्या क्ष-किरणांचा सर्वांत सरळ मारा सोलापूरच्या माथ्यावर आणि तिथून पसरत जाणाऱ्या वर्तुळात अख्खा अरबी समुद्र आणि आखात. क्ष-किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत, साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरच शोषले जातात. पण तिथल्या विरळ हवेचं ते असं काही करून टाकतात की लघुलहरींचा रेडिओ त्या थरातून जातानाच गिळला जातो. बहरीन-मुंबई विमान ओमान ओलांडून समुद्रावर आलं की किनाऱ्यावरच्या व्हीएचएफच्या टप्प्यातून बाहेर पडतं. तिथे मुंबईशी बोलायचं तर उपग्रहावरून, नाहीतर या लघुलहरींवरून. आपण खिडकीपाशी बसून खालचा काळा समुद्र बघत असतो तेव्हा पुढे हा जुना खरखरता रेडिओ अजून नोकरीत असतो. ज्वालेमुळे होणाऱ्या या रेडिओबंदीची पूर्वसूचना मिळत नाही. ज्वाला दिसली म्हणजे किरण पोचलेच.

सीएमईचं तसं नाही. तिथे अंदाजाला जागा आहे, आणि अंदाज म्हटलं की मराठी माणसाला कुलाबा वेधशाळा आठवते. कुलाब्याने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद आपल्या तीन पिढ्यांनी पुरवून पुरवून वापरला. याच वेधशाळेच्या एका नोंदवहीसाठी जगातले सौरभौतिकीवाले आजही हात जोडतात, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असतं.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये बांधली ती जहाजांना वेळ कळावी आणि ताऱ्यांचे वेध घ्यावेत म्हणून. चुंबकीय मोजमाप १८४१ मध्ये सुरू झालं, एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ या वेधशाळेचं काम पाहिलं. ऑर्लिबारांच्या हाताखाली वेध घ्यायला तिथे लागलेला एक कोवळा मुलगा म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे, पुढे टिळकांचे गुरू म्हणून प्रसिद्ध झालेले केरूनाना. त्यांचं गाव अलिबागजवळचं नागाव. हे मुद्दाम सांगतो, कारण ही सगळी यंत्रणा पुढे त्यांच्याच गावाशेजारी जायची होती.

काम काय होतं? टांगलेली चुंबकपट्टी. पृथ्वीचं क्षेत्र जरा हललं की ती जरा हलणार. ती हालचाल दुर्बिणीतून मोजपट्टीवर वाचायची आणि वहीत लिहायची. दर तासाला, रात्री-अपरात्री, पावसात. पट्टी अस्वस्थ दिसली तर तासाची वाट न पाहता पंधरा-पंधरा, प्रसंगी पाच-पाच मिनिटांनी वाचायची. कशासाठी, हे त्या माणसांना पूर्ण ठाऊक असण्याची शक्यताच नव्हती, तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कारकुनी चिकाटीचं इतकं चोख फळ मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

१ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्याच्या प्रतिमेवरून डाग कागदावर उतरवत होता. ११ वाजून १८ मिनिटांनी डागांवर दोन पांढरेशुभ्र ठिपके फुटलेले त्याला दिसले. माणसाने पाहून नोंदवलेली ही पहिली सौरज्वाला. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ आदळलं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. युरोपातल्या वेधशाळांत तोवर फोटोच्या कागदावर आपोआप रेषा उमटवणारी उपकरणं आली होती, पण वादळ इतकं मोठं की रेषा कागदाबाहेरच गेली. कुलाब्यात ही आधुनिक सोय नव्हती, डोळा आणि बोरू होता. म्हणून आकडे राहिले. २ सप्टेंबरच्या दिवसाउजेडी, कदाचित पावसाची झड चालू असताना, कुलाब्याच्या आडव्या चुंबकीय बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण वहीत उतरली. या भागात हे बल आज ३८ हजार नॅनोटेस्लाच्या आसपास आहे. म्हणजे शेकडा चार म्हणा. ऐकायला किरकोळ वाटेल, पण १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्युबेक प्रांताची वीज ज्या वादळाने दीड मिनिटात घालवली, त्याच्या अशाच घसरणीचा जागतिक आकडा ५८९ होता. मे २०२४ चा, भाच्याच्या पैठणीचा, चारशेच्या जरा पुढे.

कुलाब्याची ही पानं २००३ मध्ये त्सुरुतानी, गोंझालेझ, लखिना आणि ॲलेक्स या शास्त्रज्ञांनी नव्याने अभ्यासून जगापुढे मांडली. यातले लखिना आणि शोभना ॲलेक्स आपल्याच भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे. त्यानंतर वाद झाला, अजून चालू आहे. तो सोळाशेचा खड्डा सगळाच्या सगळा पृथ्वीभोवतीच्या विद्युतप्रवाहाचा, की त्यात मुंबईवरच्या आकाशातलं काही स्थानिक मिसळलंय? तासाच्या सरासरीने मोजलं तर जागतिक आकडा बराच खाली येतो. वाद घालायला तरी आकडा लागतो, आणि तो कुलाब्याच्या वहीत होता.

पुढची भानगड १८७२ च्या ४ फेब्रुवारीची. त्या रात्री अरोरा खुद्द मुंबईतून दिसला, आणि एडनला जाणाऱ्या समुद्राखालच्या तारेवरचे संदेश काही तास खोळंबले. कुलाब्याने तेव्हा हजारच्या वर घसरण टिपली. तेव्हा अरबी समुद्राच्या दोन्ही काठांचा आणि सूर्याचा संबंध काही आजचा नाही.

मग मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या रुळांतून फिरणारा प्रवाह चुंबकपट्टीला नाचवणार हे उघड होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी पर्यायी जागा शोधली ती अलिबाग. १९०४ मध्ये तिथे वेध सुरू झाले, १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं गेलं, म्हणजे जुनी मालिका आणि नवी मालिका यांचा सांधा पक्का बसला. ट्राम धावली १९०७ मध्ये. अलिबागची वास्तू लोखंडाला विटाळ मानते. पोरबंदरी दगड, सागवान, खिळेसुद्धा लोखंडाचे नाहीत. अशा खोलीत शिरायचं तर खिशातली किल्ली, घड्याळ, पट्ट्याचं बकल बाहेर. देवळात चपला काढतो तसं. ही वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, आणि संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला.

आता कुणी विचारेल, एवढी वादळं ध्रुवांकडे, मग मोजायला कुलाबा-अलिबाग कशाला? इथेच गंमत आहे. वादळात विद्युतभारित कण पृथ्वीपासून काही पृथ्वी-त्रिज्या अंतरावर तिच्याभोवती कडं करून फिरू लागतात. या कड्यातला प्रवाह पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट क्षेत्र तयार करतो, त्यामुळे जमिनीवरचं आडवं बल घटतं. ही घट म्हणजे वादळाचं खरं वजन. ध्रुवांजवळ मोजायला जावं तर अरोराच्या प्रवाहांचा गोंगाट. विषुववृत्तावर जावं तर तिथल्या दिवसाच्या प्रवाहाची वेगळी कटकट. मधला पट्टा निवांत. क्योटो विद्यापीठ दर तासाला डीएसटी नावाचा जो आकडा काढतं तो अशाच चार निवांत ठिकाणांवरून येतो: जपानचं काकिओका, होनोलुलू, सान हुआन आणि दक्षिण आफ्रिकेतलं हर्मानस. अलिबाग त्याच स्वभावाचं, आणि २६ अंश उत्तरेवरचं बहरीनही चुंबकीय हिशेबात त्याच पट्ट्यात. फोनवरची ॲपं जो केपी आकडा ० ते ९ मध्ये दाखवतात तो मुख्यतः बऱ्याच उत्तरेकडच्या वेधशाळांचा. मँचेस्टरच्या भाच्याला तो उपयोगी. आखातात बसून केपी ७ झाला म्हणून गच्चीवर धावण्यात अर्थ नाही. आपण डीएसटी बघावा.

अंदाज मात्र बव्हंशी परदेशातून येतो, अमेरिकेतल्या बोल्डरच्या केंद्रातून आणि ब्रिटनच्या हवामान खात्यातून. बोल्डरने ९ मे २०२४ ला पाचांतल्या चौथ्या पायरीच्या वादळाचा इशारा दिला, २००५ नंतर पहिल्यांदाच. वादळ निघालं पाचव्या पायरीचं. म्हणजे छत्री नेली आणि पूर आला. हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. सीएमई सुटला की उपग्रहावरची दुर्बीण सूर्याची थाळी झाकून भोवतीचा ढग टिपते. त्याचा वेग मोजता येतो, तो कुठे निघालाय कळतं, संगणक पोचण्याची वेळ सांगतो. त्या वेळेत दहा-बारा तासांची चूक नित्याची, आणि मे महिन्यासारखे चार-पाच ढग एकामागून एक सुटून वाटेत एकमेकांना गाठू लागले की हिशेब आणखी बिघडतो. पण मुख्य अडचण वेगळीच. ढगाबरोबर येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचं तोंड उत्तरेला आहे की दक्षिणेला, यावर सगळं अवलंबून. दक्षिणेला असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ऊर्जा आत शिरते. उत्तरेला असेल तर ढग बराचसा अंगावरून सरकून जातो. आणि हे तोंड दुरून दिसत नाही. टपाल निघाल्याचं कळतं, पाकीट केवढं तेही कळतं, आतला मजकूर पोस्टमन फाटकात आल्यावरच.

हे फाटक म्हणजे एल-१ बिंदू, पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटर. तिथले उपग्रह अंगावरून जाणारा ढग चाखून सांगतात. सेकंदाला ८०० किलोमीटर वेगाने येणाऱ्या ढगाला तिथून आपल्यापर्यंत यायला अर्धा तास पुरतो. म्हणजे पक्की बातमी मिळते ती अर्ध्या-पाऊण तासाची. याच फाटकावर ६ जानेवारी २०२४ पासून आपला आदित्य एल-१ उभा आहे. त्यावरची सूट नावाची, सूर्य अतिनील प्रकाशात पाहणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेत घडली. मेच्या त्या वादळाच्या ऐन भरात ती आणि व्हीईएलसी ही दुसरी दुर्बीण, दोन्ही निरीक्षणासाठी बंद होत्या, साफसफाई आणि जुळवणीचं काम चालू होतं. लग्नाच्या मांडवात फोटोग्राफरने बॅटरी बदलावी तसं झालं! आदित्यच्या सौरवारा मोजणाऱ्या उपकरणांनी मात्र ढग नीट चाखला, आणि दुर्बिणी पुढच्या आठवड्यात कामाला लागल्या.

बहरीनला या सगळ्याची खरी झळ कुठे लागू शकते? क्युबेकसारखा अंधार इथे होण्याचा संभव कमी. तो धोका उत्तरेकडच्या लांब तारांना जास्त. इथली नाजूक जागा आहे आयनांबर, म्हणजे वरच्या विद्युतभारित हवेचा थर. चुंबकीय विषुववृत्तावर हा विद्युतभारित वायू दिवसा कारंज्यासारखा वर उसळतो आणि उत्तर-दक्षिणेला साधारण पंधरा-पंधरा अंशांवर खाली उतरून साचतो. उत्तरेचा हा साचलेला पट्टा भारतात गुजरात-मध्य प्रदेशावरून जातो आणि पश्चिमेला आखातावर येतो. बहरीन त्याच्या माथ्याजवळ. जीपीएसचा संदेश या दाट थरातून येताना रेंगाळतो आणि त्यामुळे जागेत चूक येते. सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, थरात बुडबुडे उठले तर संदेश थरथरतोही. वादळात हा पट्टाच जागचा हलतो. गाडीतल्या नकाशाला चार-पाच मीटरने काही बिघडत नाही. पण समुद्रतळाची मोजणी करणाऱ्याला, भराव घालून जमीन करणाऱ्याला सेंटिमीटर लागतात. आखातात जीपीएस बिघडवायला सूर्यच लागतो असं नाही, माणूसही पुरतो, हे इथल्या खलाशांना चांगलं ठाऊक आहे. पण सूर्याने बिघडवलेलं निदान आधी थोडंफार सांगता येतं.

दुसरी जागा जमिनीखाली. आखाताच्या अरबी किनाऱ्यावरची पहिली तेलविहीर बहरीनची, जबल दुखानच्या पायथ्याची, १९३२ ची. ती सरळ खाली गेली. आजच्या विहिरी वळत, आडव्या जातात, आणि छिन्नीमागे बसवलेला चुंबकसूचक दिशा सांगतो. उत्तर दिशाच जरा डुलू लागली तर किलोमीटरभर खोल गेलेल्या विहिरीला ते महागात पडतं. म्हणून या कामातली माणसं जवळपासच्या चुंबकीय वेधशाळांचे आकडे मागवतात. कुलाब्याच्या कारकुनाने याची कल्पना केली नसेल.

आणि तिसरी जागा वर. ३ फेब्रुवारी २०२२ ला बहरीन आणि अमिरातीचा मिळून केलेला छोटा उपग्रह 'लाइट-१' आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून सोडला गेला. गडगडाटी ढगांतून उठणाऱ्या गॅमा किरणांच्या झळा मोजायला. त्याच दिवशी फ्लोरिडातून ४९ स्टारलिंक उपग्रह उडाले आणि २१० किलोमीटरच्या खालच्या कक्षेत थांबले. पाठोपाठ आलेलं वादळ किरकोळ होतं, पाचांतल्या पहिल्या पायरीचं. पण त्याने वरची हवा तापून फुगली, घर्षण वाढलं, आणि ४९ पैकी ३८ उपग्रह खाली येऊन जळाले. लाइट-१ जवळजवळ दुप्पट उंचीवर होता, म्हणून निभावला. मार्च २०२५ मध्ये बहरीनने 'अल मुन्धिर' हा पूर्ण स्वतःचा उपग्रह वर पाठवला. आता इथेही कुणाला तरी रोज सकाळी सूर्याची बातमी बघावी लागत असणार.

सूर्याच्या चालू आवर्तनाचा कळस ऑक्टोबर २०२४ च्या सुमारास आल्याचं जाहीर झालं आहे. पण मोठी वादळं बरेचदा उतरणीवर येतात. १९८९ चं चढावर आलं खरं, पण २००३ ची मोठी वादळं उतारावरच आली. तेव्हा तुम्हालाही एखाद्या रात्री भाच्या-पुतण्यांचा गुलाबी फोटो येईलच. गाडी काढून साखीरच्या वाळवंटात धावू नका, तिथे अंधार मिळेल, रंग मिळणार नाही. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सूर्यावर डाग दिसतोय का पाहा. ग्रहणाचा चष्मा लावूनच पाहा, बहरीनच्या धुळीतून मावळताना तो कितीही मवाळ दिसत असला तरी.